झोक्याची वजावट

दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी कारखान्याच्या काट्यावर शेवटचं वजन झालं ते एका शेळीचं. ती आपणहून चढली, प्लॅटफॉर्मच्या मधोमध उभी राहिली आणि रवंथ करू लागली. खिडकीत बसलेल्या कल्याणरावांनी आकडा पाहिला, सवयीने पावती फाडली आणि मग ती द्यायची कुणाला हे न सुचून टेबलाच्या खणात ठेवली. भरलेलं वजन तीस किलो.

कारखान्याचं नाव एवढं लांब होतं की ते फक्त कमानीवर पुरं मावत असे. दिंद्रुडपासून सिरसाळ्यापर्यंतचे सभासद त्याला नुसतं कारखाना म्हणायचे. ऊसच नव्हता, त्यामुळे दोन हंगाम गाळप झालं नव्हतं. उरलेली माणसं सकाळी येत, हजेरीवर सही करत, लिंबाच्या सावलीत सावली सरकेल तसं सरकत बसत आणि पाचला घरी जात. कल्याणराव मात्र काट्याच्या केबिनमध्ये बसत. त्यांच्याकडे दिंद्रुडच्या वाचनालयाचं एखादं पुस्तक असायचं. सगळ्यांचे आप्पा होऊन एकतीस वर्षं ते या खिडकीत बसले होते, आणि तीस सप्टेंबरला निवृत्त होणार होते.

ज्याने ऊस घातला त्याने काट्याला शिवी घातली, ही आपल्याकडची जुनी रीत. शेतकरी बांधावर उभा राहून नजरेने ट्रॉली तोलतो, मग काटा तोलतो, आणि दोन आकडे जुळले असं आजवर घडलेलं नाही. नजर कधी चुकत नाही, म्हणून चूक काट्याची. दरसाल वजनमापवाले येऊन काट्याला सील ठोकून जात, त्याने काही फरक पडत नसे. वरच्या वस्तीवरचे राधाकिशनराव तर अठरा वर्षांपूर्वीच्या एका ट्रॉलीचे अडीच क्विंटल दर वार्षिक सभेत उभे राहून मागत. कल्याणराव मान खाली घालून ऐकत. उत्तर देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. शिवाय मनात एक किडा होताच. आपल्या हातून खरंच तर नसेल झालं? त्या दिवशी प्लॅटफॉर्मखाली चिखल अडकला असेल, आपण पाहिलं नसेल.

बायकोला, शिवकांताबाईंना, ते एकदा म्हणाले होते की मला बाकी काही नको, जाण्याआधी एका तरी माणसाने आप्पाचं माप खरं आहे एवढं म्हणावं. शिवकांताबाई ज्वारी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, माप खरंच आहे तर दुसऱ्यानं कशापायी म्हणायला पायजे? कल्याणरावांची इच्छा मात्र गेली नाही.

अशात मशीन आलं.

चेअरमन सुंदररावांनी वर दोन अर्ज पाठवले होते. एक जनावरांच्या छावणीचा आणि एक व्यायामशाळेचा. दुसरा नुसता जोडीला म्हणून, लिफाफ्यात जागा होती म्हणून पाठवला होता. छावणी दुसऱ्या तालुक्याला गेली आणि व्यायामशाळा मंजूर झाली. बारा यंत्रं मंजूर होती, ट्रकमधून उतरलं एक. बाकीची मागून येतील असं ड्रायव्हर म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

ते पाठीच्या व्यायामाचं मशीन होतं. खाली बसायला गादी, मांड्या अडकवायला आडवा दांडा, डोक्यावर तारेला लटकलेली लांब मूठ, ती तार कप्पीवरून मागे जाऊन पाच-पाच किलोच्या सोळा लोखंडी पाट्यांना जोडलेली. बसायचं, मूठ खाली ओढायची, मागे पाट्या वर जातात. मशीन कुणाच्या ताब्यात द्यायचं यावर संचालक मंडळाची बैठक दोन तास चालली. स्टोअरकीपर म्हणाला हा माल नव्हे. सुरक्षा विभाग म्हणाला याला चोरणार कोण. शेवटी भगवानराव, जे बावीस वर्षं प्रत्येक ठरावाला अनुमोदन देत आले होते आणि स्वतःहून क्वचितच बोलत, ते म्हणाले, "त्याच्यात वजनं हायत. वजनं म्हंजे काटा."

हे सगळ्यांना एकदम पटलं. मशीन काट्याशेजारच्या, पूर्वी ट्रकवाले झोपायचे त्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं गेलं आणि कल्याणराव आपल्या पदासह व्यायाम प्रशिक्षक झाले.

आयुष्यात त्यांनी पुस्तकांपेक्षा जड काही उचललं नव्हतं. पण मशीनसोबत एक माहितीपत्रक आलं होतं, आणि वाचण्याची गोष्ट म्हटली की कल्याणराव मागे हटत नसत. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला त्याहून अवघड हिंदी. शब्दकोश घेऊन ते अकरा दिवस बसले. मग त्यांनी त्याचं मराठी करून, टीव्हीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर गोल अक्षरात लिहून शेडमध्ये टांगलं. मांड्या दांड्याखाली घट्ट धराव्यात. मूठ खांद्यांहून थोडी रुंद पकडावी. छाती वर, नजर समोर. आधी खांद्यामागची दोन्ही पाती खाली आणावीत, मग कोपरं बरगड्यांकडे न्यावीत. हात म्हणजे नुसते अडकवायचे आकडे, ओढते ती पाठ. मूठ छातीच्या वरच्या भागाशी आणावी, मानेमागे नेऊ नये. दोन आकडे थांबावे. मग चार आकडे मोजत सावकाश वर सोडावं. पाट्या आपटू देऊ नयेत. शरीराला झोका देऊन ओढलेलं वजन पाठीचं समजू नये.

शेवटचं वाक्य त्यांना फार आवडलं. त्यांनी त्याच्याखाली दोनदा रेघ मारली.

दार लावून त्यांनी आधी स्वतः करून पाहिलं. दोन पाट्या, दहा किलो. पहिल्या दिवशी खांदे कानांना जाऊन लागले. दुसऱ्या दिवशी दंड दुखले आणि पाठीला काही पत्ताच नव्हता. चौथ्या दिवशी त्यांनी डोळे मिटले, पाती खाली सोडली, आणि पाठीच्या मधोमध काहीतरी हललं. अठ्ठावन्न वर्षांत त्यांना पहिल्यांदा कळलं की आपल्या पाठीला स्वतःचं मत आहे. त्या दिवसापासून ते जरा सरळ चालू लागले. शिवकांताबाईंनी विचारलं की सदरा आखडला का काय.

एवढ्यावर राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण टँकर आला.

कारखान्याच्या बोअरवरून सहा वस्त्यांना पाणी जायचं. दिवसाला एक टँकर, सोमवार ते शनिवार एकेका वस्तीला. हिशेब सोपा होता, फक्त आठवड्याच्या शेवटी एकतर बोअर उचक्या द्यायचा, नाहीतर टँकरवाला लग्नाला जायचा. म्हणजे शुक्रवार आणि शनिवार ज्यांच्या वाट्याला ते कोरडे. सोमवार कुणाचा यावरून काठ्या निघाल्या. सुंदररावांनी चिठ्ठ्या टाकून पाहिल्या. लोक म्हणाले चिठ्ठीला घडी वेगळी होती. अक्षरानुक्रम लावला, ज्यांची वस्ती 'ह'वरून होती ते ऑफिसात येऊन बसले. तेव्हा सुंदरराव वैतागून म्हणाले की ताकदच दाखवायची तर डोकी फोडून दाखवू नका, मशीनवर दाखवा. दर रविवारी संध्याकाळी प्रत्येक वस्तीचा एक माणूस ओढेल. ज्याचं वजन जास्त त्याच्या वस्तीचा सोमवार. सूचक चेअरमन, अनुमोदक भगवानराव. आणि वजन कल्याणराव देतील, पावतीवर.

पावत्यांचे चाळीस गठ्ठे तसेच पडून होते, उसाचे. त्यावर छापलेलं होतं: भरलेलं वजन, वजावट, निव्वळ वजन. उसात मोळीच्या बांधणीपोटी टक्काभर वजावट धरत. कल्याणरावांनी तो रकाना पाहिला, मग पुठ्ठ्यावरचं शेवटचं वाक्य पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की हे दोन्ही एकमेकांसाठीच बनलेले आहेत. त्यांनी शेडच्या बाजूच्या भिंतीवर खडूने एकेका वितीच्या अंतराने उभ्या रेघा ओढल्या. ओढताना माणूस जितक्या विती मागे झुकेल, तितके पाच-पाच किलो वजा. पाट्या आपटल्या तर आणखी पाच. भिंतीवर त्यांनी हे लिहूनही ठेवलं. कुणी वाचलं नाही.

पहिल्या रविवारी पहिला मान राधाकिशनरावांनी घेतला. मोठ्या हाडाचा माणूस. गादीवर बसले तसं मशीन करकरलं. सोळाच्या सोळा पाट्या लावायला सांगितल्या, मूठ धरली, विहिरीत उडी घालावी तसा स्वतःला मागे टाकला आणि जवळजवळ आडवे झाले. पाट्या वर गेल्या. त्यांनी मूठ सोडून दिली, पाट्या धाडकन खाली आल्या, शेडवरची कबुतरं उडाली. वरच्या वस्तीने शिट्ट्या मारल्या. कल्याणरावांनी रेघा मोजल्या, पावती लिहिली आणि पुढे केली. भरलेलं ऐंशी. झोका पाच विती, पंचवीस. आपट, पाच. निव्वळ पन्नास.

ती पावती पाहून बाकीचे शहाणे झाले. ते पुठ्ठ्याकडे बघत बघत बसले, छाती वर काढली, झेपेल तेवढंच ओढलं. खालच्या वस्तीचा शिंपी उत्तरेश्वर, ज्याचा दंड राधाकिशनरावांच्या मनगटाएवढा, त्याने अकरा पाट्या अंग न हलवता छातीशी आणल्या, दोन आकडे थांबला आणि सुई ओवावी तशा जपून परत ठेवल्या. निव्वळ पंचावन्न. सोमवार खालच्या वस्तीचा. वरची वस्ती पाचवी आली, म्हणजे शुक्रवार.

राधाकिशनरावांनी पावती उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "आप्पा, ऊस व्हता तवा उसात मारलं. आता ऊस न्हाई तर पाठीत मारता."

कल्याणराव म्हणाले, "नाना, वजावट झोक्याची आहे. झोका नाही तर वजावट नाही. दहा मिनिटं बसा, मी शिकवतो."

"तुमच्याकडून शिकू? अठरा वर्सं तुमच्याकडून शिकतोयच की."

लोक हसले. कल्याणरावही, सवयीप्रमाणे, थोडेसे हसले.

त्या शुक्रवारी टँकर आला नाही. शनिवारी राधाकिशनरावांची बायको सारजाबाई रिकामी घागर घेऊन काट्याच्या खिडकीशी आली. भांडायला आली नव्हती. तिने पावती दाखवली आणि हे काय लिहिलंय ते वाचून मागितलं. कल्याणरावांनी वाचलं, समजावलं, भिंतीवरच्या रेघाही दाखवल्या. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरोबर असंल तुमची पावती. पर ती घागरीत वतता येत न्हाई, आप्पा."

त्या रात्री कल्याणरावांचं पुस्तकात लक्ष लागलं नाही. पंचवीसच्या जागी पंधरा लिहायला काय हरकत आहे? कोण मोजायला बसलंय? पण मग खालच्या वस्तीचं काय, तिथेही सारजाबाईसारखी कुणी असेलच. आणि एकदा पंधरा लिहिले की एकतीस वर्षं लोक जे म्हणत आले ते खरं होणार. सकाळी त्यांनी कारखान्याच्या वसाहतीतल्या आपल्या नळाचं पाणी दोन कळशांत भरलं, सायकलला लावलं आणि वरच्या वस्तीवर नेऊन दिलं. सारजाबाईने कळशा उतरवून घेतल्या. राधाकिशनराव ओट्यावरून उठून आले, दोन्ही कळशांत वाकून पाहिलं आणि म्हणाले की काठाला चार बोटं कमी हायत. वाटेत हिंदकळलं असेल, असं कल्याणराव म्हणाले. राधाकिशनराव म्हणाले, हां, उसाचंबी असंच हिंदकळलं व्हतं.

त्याच संध्याकाळी, दुसऱ्या रविवारी, राधाकिशनरावांनी चारच विती झोका घेतला, पाट्या मात्र आपटल्याच. निव्वळ पंचावन्न. वस्ती चौथी आली, टँकर मिळाला. पण राधाकिशनराव खूश नव्हते. त्यांनी गावभर एक नवीन विचार सोडला. ऐंशी ओढणाऱ्या माणसाला पंचावन्नचा ठरवायचा, हा सगळा कारखान्याचा डाव आहे. गरीब माणसाला त्याची ताकद कळू नये म्हणून हा पुठ्ठा टांगलाय. छातीशी ओढणं ही बायल्या रीत. गोणी पाठीवर घेणारा माणूस मानेमागूनच ओढतो.

हे लोकांना माहितीपत्रकापेक्षा लवकर समजलं. ज्यांनी मुकाट्याने पंचावन्न स्वीकारले होते त्यांनाही वाटू लागलं की आपण मुळात ऐंशीचेच होतो. उत्तरेश्वर शिंपी तेवढा म्हणाला की मला पंचावन्न पुरतात.

त्यातच सुंदररावांनी जाहीर केलं की सारखी कटकट नको. सत्तावीस तारखेच्या रविवारी जो क्रम लागेल तो दिवाळीपर्यंत कायम, तोवर आहे तोच चालेल. आणि अठ्ठावीसला, सोमवारी, कारखान्याची वार्षिक सभा.

पंधरा दिवस सहाही वस्त्यांत दुसरं काम झालं नाही. तसं कामही नव्हतं. प्रत्येक बाभळीच्या फांदीवरून दोर टाकलेला, एका टोकाला दगडांचं पोतं, दुसऱ्या टोकाला कुणीतरी लटकलेला. नुसता वस्तीचा गडी नव्हे, सगळेच. पोरांचे बाप, बापांचे बाप, दोन माजी सरपंच. कोण ऐंशीचा हे घराघरात ठरवायचं होतं. सगळे झोका देऊन, सगळे मानेमागून. कल्याणराव सायकलवरून वस्त्यांवर हिंडले, थांबून थांबून सांगत राहिले की खांदा असा वर चढवून मागे खेचला तर तो रुसेल, हात महिनाभर वर यायचा नाही. लोक दोराला लटकल्या लटकल्या त्यांच्याकडे बघत आणि पुन्हा झोका घेत.

सत्तावीसला सहापैकी पाच गड्यांना सडकून वजावट लागली. कुणी पंचेचाळीसच्या वर गेलं नाही, फक्त शिंपी आपल्या पंचावन्नवर बसून राहिला. दिवाळीपर्यंतचा सोमवार खालच्या वस्तीचा झाला. शेडबाहेर बराच वेळ कुजबूज चालली होती आणि कल्याणराव बाहेर आले तसे सगळे गप्प झाले. ते घरी गेले, जेवले नाहीत.

सभा साखरेच्या रिकाम्या गोदामात होती. दोनशेच्या आसपास सभासद सतरंज्यांवर बसलेले. अहवाल वाचला गेला, ताळेबंद मंजूर झाला, श्रद्धांजली झाली. भगवानरावांनी प्रत्येक ठरावाला बसल्या जागी अनुमोदन दिलं. व्यासपीठाच्या कोपऱ्यात एक शाल आणि नारळ ठेवला होता, कारण शेवटी कल्याणरावांचा निरोप ठेवला होता. मग ऐनवेळचे विषय आले आणि राधाकिशनराव उठले. या वेळी अडीच क्विंटल मागायला नव्हे. त्यांनी खिशातून कागद काढून ठराव वाचला. काटा विभागाचे कल्याणराव यांनी झोक्याची वजावट लावून सभासदांची काटामारी केली, आणि यापूर्वी उसातही केली असावी. सबब त्यांना निरोप देऊ नये, व ते काटामार असल्याची नोंद प्रोसिडिंगात कायमची घ्यावी.

 सुंदररावांनी अनुमोदक विचारला.

"अनुमोदन," भगवानराव म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. रोज चार वाजता ते कल्याणरावांसोबत चहा घेत. त्यांनी तोंडावर हात ठेवला, पण बावीस वर्षांची सवय तोंडातून निघून गेली होती.

ठराव मतदानाला टाकणं भाग होतं. हात वर करून मतदान, आणि हात डोक्याच्या वर गेला पाहिजे असं पोटनियमात होतं, कारण एका वर्षी कान खाजवणारे मोजले गेले होते. मोजणी नेहमी कल्याणराव करत. मोजणं म्हणजे काटा. ते हळू आवाजात म्हणाले की आज दुसऱ्या कुणाला सांगावं. सुंदररावांनी इकडेतिकडे पाहिलं. स्टोअरकीपर छताकडे बघू लागला. शेवटी कल्याणरावच कागद-पेन घेऊन व्यासपीठाच्या कडेला आले.

"ठरावाच्या बाजूनं हात वर करा," सुंदरराव म्हणाले.

एकदम दोनशे तोंडांतून एकच आवाज निघाला, उंट बसताना काढतो तसा. हात उठले आणि छातीपाशी अडकले. काही हनुवटीपर्यंत गेले. एका माजी सरपंचाने डाव्या हाताने उजवा उचलून पाहिला, तर डावाही राहून गेला. राधाकिशनराव उभे होते, कोपर बरगडीला चिकटलेलं, बोटं ताणलेली, कपाळावर घाम. पंधरा दिवस बाभळीला लटकलेले सगळे खांदे एका रात्रीत रुसले होते. डोक्याच्या वर गेलेले हात चार. त्यातला एक जांभईचा होता, म्हणजे तीन.

सुंदररावांच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं. त्यांनी माइक जवळ ओढला. तीन विरुद्ध दोनशे, ठराव बारगळला, आता शाल द्यायची आणि चहा सांगायचा. त्यांनी आकडा विचारला.

कल्याणरावांना फक्त तीन म्हणायचं होतं. नियमाने तीनच होते. त्यांनी कागदावर तीन लिहिलं. मग समोर पाहिलं. दोनशे माणसं अर्ध्या हाताने बसली होती आणि त्यांच्याकडे बघत होती, पावती घेताना खिडकीतून बघत तशीच. हात अर्धे होते. मत पुरं होतं. पुऱ्या मताला तीन लिहायचं आणि सील बरोबर आहे म्हणायचं, त्यालाच तर काटामारी म्हणतात.

त्यांनी तीनवर काट मारली. सुंदररावांच्या हातातला माइक त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःकडे घेतला.

"थांबा," ते म्हणाले. "कुणी जोर लावू नका. हात खाली घ्या सगळ्यांनी."

हात खाली आले. खाली येतानाही लोक कण्हले.

"पाठ सरळ. छाती वर. खांदे कानाला लागलेत तुमचे, ते सोडून द्या. खांद्यामागची पाती खाली येऊ द्या. हात विसरा. हात नुसता आकडा आहे."

ते माइक ठेवून खाली उतरले आणि रांगांमधून चालू लागले. कुणाच्या खांद्यावर नुसतं बोट टेकवत, कुणाची हनुवटी आत घेत. ज्या गोष्टी पंधरा दिवस सायकलवरून ओरडून सांगितल्या त्याच आता हळू आवाजात सांगत होते, आणि लोक ऐकत होते, कारण मत द्यायचं होतं. राधाकिशनरावांपाशी ते थांबले. त्यांच्या सदऱ्यावरून दोन पात्यांच्या मध्ये बोट ठेवलं.

"इथून, नाना. दंडातून नाही. श्वास सोडा, आणि इथून."

"दुखतंय लई."

"दुखणारच. सावकाश. आधी पातं खाली, मग कोपर."

राधाकिशनरावांनी श्वास सोडला. हात हनुवटीशी आला, कानाशी आला, थरथरला आणि डोक्याच्या वर गेला. त्यांनी वर आपल्याच हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा. मागोमाग एकेक करून सगळ्या गोदामात हात उगवायला लागले. आता कुणी कण्हत नव्हतं. कल्याणराव पहिल्या रांगेपासून मोजत निघाले. दोघे जण कमरेतून वाकून हात उंच दाखवत होते. त्यांना त्यांनी खाली घ्यायला लावला आणि सरळ बसून पुन्हा वर करायला लावला, मग मोजला. उत्तरेश्वर शिंपी हाताची घडी घालून बसला होता, तो मोजला नाही. भगवानरावांचा हात खाली होता, डोळे मिटलेले होते.

व्यासपीठाशी परत येऊन त्यांनी माइक घेतला.

"ठरावाच्या बाजूने एकशे त्र्याऐंशी. ठराव मंजूर."

सुंदररावांनी नियमाप्रमाणे विचारलं की मोजणीवर कुणाची हरकत आहे का. दर वर्षी हे विचारलं की राधाकिशनराव उठत आणि पुन्हा मोजा म्हणत; एकदा तर तीनदा मोजून घेतलं होतं. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते उभेच होते, हात वर.

"हरकत न्हाई," राधाकिशनराव म्हणाले. "आप्पानं मोजलंय."

कल्याणरावांनी आकडा लिहिला आणि त्याखाली सही केली. स्टोअरकीपर शाल आणि नारळ उचलून आत घेऊन गेला. मागच्या रांगेत कुणीतरी चहाचं विचारलं. पण उठलं कुणीच नाही. गोदामभर एकशे त्र्याऐंशी हात तसेच वर होते.

राधाकिशनरावांनी घसा साफ केला.

"आप्पा," ते म्हणाले, "आता ह्यो खाली कसा आणायचा?"

कल्याणरावांनी पेनाला टोपण लावलं.

"एकदम सोडायचा नाही, नाना," ते म्हणाले. "चार आकडे मोजत. चला, सगळ्यांनी. एक."